विमानाचा पोळा

बॅटरीत काही खोट नव्हती. हे मी कारखान्याच्या प्रत्येक माणसाला सांगत होतो, आणि प्रत्येक जण मान डोलावून शेवटी माझ्या हातांकडे बघत होता.

सन एकाहत्तरचा आषाढ. राहुरीच्या पुढं, कालव्याच्या अंगाला, साखर कारखान्यानं पडीक रानात मुरूम टाकून धावपट्टी केली होती. उसावर पाकोळी पडली होती. पानं चिकट होऊन काळी पडायला लागली होती, आणि पाठीवरच्या पंपांनी ती कीड आवरेना. म्हणून कारखान्यानं पुण्याच्या एका कंपनीचं फवारणीचं विमान हंगामापुरतं आणलं. एकाच माणसानं बसायचं, पिवळ्या रंगाचं, पुढं पंखा आणि पोटात औषधाची टाकी. त्याच्याबरोबर कंपनीचा पायलट आला, डायस नावाचा, आणि देखभालीला मी, सूर्यभान पगारे. हवाईदलात नऊ वर्षं इंजिनं उघडून बसलेला माणूस. माझं गाव म्हणाल तर धावपट्टीपासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ.

जवळ असणं हीच भानगड होती. पुण्यात मी पगारे इंजिनिअर होतो. इथं पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "कोन पगारे म्हनायचं?" मी सांगून टाकलं की छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं जे बौद्ध झाले, त्यांच्यातले पगारे. मी कशाला लपवू? एक तर राग माझ्या नाकावर, त्यात लपवाछपवीचा मुळातच कंटाळा. विचारणारा म्हणाला, "तसं न्हाई, आपलं सहज इचारलं." अशा सहज विचारणाऱ्यांचा मला फार जुना अनुभव आहे.

टाकीत औषध भरायला कारखान्यानं कारभारी नावाचा गडी दिला होता. सोनईकडचा, घरची शेती, दावणीला चार बैल. मनानं इतका निर्मळ की त्याच्यावर राग धरायला जागाच सापडायची नाही. विमानाला तो "जनावर" म्हणायचा. पहिल्याच दिवशी चाकाला कुंकू लावून तो माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "सायब, रोज ह्याची पूजा केली तर तुमाला चालंल का?"

"तुझी श्रद्धा आहे, तू कर," मी म्हणालो. "मी त्यात नाही."

तेव्हापासून एक रिवाजच पडला. सकाळी मी विमान तपासायचो, इंजिनावरचं झाकण बसवायचो आणि शेडमागं चहाला जायचो. तेवढ्यात कारभारी पूजा उरकायचा. हात जोडा म्हणून मला कुणी आग्रह करू नये, म्हणून मी जायचो. मला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून मी वळल्याशिवाय तो पिशवीतून तांब्या बाहेर काढायचा नाही. दोघंही एकमेकांचा मान राखत होतो, आणि सगळा घोळ झाला तो त्या मानापायी. पण ते पुढं कळलं.

महिनाभर विमान घड्याळासारखं चाललं. मग एका सकाळी डायसनं बटण दाबलं, तर पंखा अर्धा वेढा फिरला आणि अडला. नुसता खट् आवाज. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. चार-पाच वेळा असं झाल्यावर कसंबसं इंजिन पेटलं. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ लागला, आणि आठवड्याच्या आत अशी वेळ आली की सकाळ अशीच खट्-खट् करण्यात जायची. ऊन चढलं की वारा सुटायचा, आणि वाऱ्यात फवारणी करता येत नाही. खाली शेतकरी बांधावर उभे, वर आभाळ रिकामं.

पंखा अर्धवट फिरून अडला की कुणीही म्हणेल, बॅटरी उतरली. मीही तेच म्हटलं. सगळ्या सेलमधलं पाणी काचेच्या नळीत ओढून बघितलं, तर आतला तरंग प्रत्येक वेळी हिरव्या पट्ट्यात. म्हणजे बॅटरी भरलेली. तरी राहुरीच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात नेऊन ती रात्रभर चार्जिंगला लावली. फरक शून्य. पुण्याहून दुसरी कोरी बॅटरी मागवली. ती बसवली त्या सकाळी दोनशे माणसं बघायला जमली होती, आणि नव्या बॅटरीवरही पंखा तसाच अर्धा फिरून अडला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं माझं चाललं होतं. मग स्टार्टर काढला. बाकावर धरून त्याला थेट बॅटरी जोडली, तर हातातून उडी मारेल इतक्या जोरात फिरला. बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला, आणि दोघांची गाठ घालून दिली की दोघंही मेल्यासारखे.

इकडे लोकांचं निदान माझ्या आधी झालं होतं.

कारखान्याचे एक संचालक होते, आबासाहेब. आमच्या पट्ट्यातला निम्मा ऊस त्यांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा. पांढरं धोतर, बोलणं अगदी मऊ. ते एकदा विमानाजवळ आले, पंख्यावरून हात फिरवला आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "यंत्राला बी मानसाचा हात कळतो." झालं. पाटलाचं घोडं महाराला भूषण म्हणतात तसं, आबासाहेबांचं वाक्य ज्याला त्याला आपलंच वाटायला लागलं. मी इंजिनाशी वाकलेला असताना मागं कुजबुज चालायची. "देव सोडल्याले लोक ह्ये. जनावर रुसनार न्हाई तर काय करनार?" जातीचं नाव कुणी काढत नव्हतं. तेवढे शहाणे सगळे होते.

माझी बाजू घेणारा एकटा कारभारी. तो सांगायचा, "न्हाई वो, सायब लई जपत्यात त्येला." पण त्याच्याही डोळ्यांत काळजी दिसायची. ती विमानाची होती, आणि थोडी माझीही असावी.

कंपनीचा निरोप आला, की पोळ्यापर्यंत विमान सुरळीत झालं नाही तर दुसरा माणूस पाठवू. मला दुसरं काम मिळालं असतं. पण इथून, या मुलखातून, या कारणावरून मी हललो असतो तर ते कारण माझ्याच नव्हे, माझ्या पोरांच्याही कपाळी राहिलं असतं. पगाऱ्याच्या हातानं विमान बंद पडलं! एवढी गोष्ट या रानात पन्नास वर्षं पुरली असती. मला ती खोटी पाडायची होती, आणि त्यासाठी खोट सापडायला हवी होती.

पोळ्याच्या आदल्या सकाळी मी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना, काकासाहेबांना, मदतीला बोलावलं. कृषी पदवीधर, चष्मा, स्वभावानं सज्जन. मीटर वाचता येणारा आसपास तोच एक माणूस होता. डायसला बटणाशी बसवलं, मीटरच्या वायरी मी धरल्या, आणि काटा काकासाहेबांना मोठ्यानं वाचायला सांगितलं.

आधी बॅटरीच्या दोन टोकांवर वायरी ठेवल्या. डायसनं बटण दाबलं. पंखा अडला.

"बारा," काकासाहेब म्हणाले. "आता साडेअकरा. तिथंच आहे."

दमलेली बॅटरी असती तर या वेळी काटा धाडकन खाली आपटला असता. हिचा काटा जेमतेम हलला होता. म्हणजे तिच्याकडून कुणी काही घेतच नव्हतं. ताट वाढून ठेवलेलं, आणि जेवणाराच पंगतीपर्यंत पोचत नाही, असा प्रकार.

वीज बॅटरीतून एका जाड तारेनं स्टार्टरला जाते, आणि परत येते ती इंजिनाच्या अंगातून. इंजिनाच्या खालच्या बाजूला तांब्याच्या जाळीचा एक पट्टा असतो, तो इंजिन आणि विमानाचा सांगाडा जोडतो; बॅटरीचं उणे टोक त्याच सांगाड्याला असतं. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. जायची वाट मी तपासली होती. परतीची वाट राहिली होती. मी एक वायर बॅटरीच्या उणे टोकावर ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला टेकवली.

"आता काटा शून्याला चिकटून राहायला पाहिजे," मी म्हणालो.

डायसनं बटण दाबलं.

"चार!" काकासाहेब ओरडले. "पगारे, चारवर गेला!"

म्हणजे वीज परतीच्या वाटेतच अडत होती. मी पाना घेऊन पाठीवर झोपलो आणि इंजिनाखाली सरकलो. पट्टा इतक्या अडचणीत असतो की वरून बघताना नुसती कड दिसते, आणि ती कड चांगली होती. नट सैल करून पट्टा ओढला तर आत हिरवट-पांढरा भुगा. जाळीच्या निम्म्या तारा कुजून गेलेल्या. आणि त्या भुग्यात मुंग्या. बारीक लाल मुंग्यांची रांग चाकावरून चढून थेट तिथपर्यंत आलेली. ती रांग मला आधीही दिसली होती. मला वाटलं होतं, रानातल्या मुंग्या, चढतात कुठंही. विमानात मुंग्यांचं काय काम, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी बोटावर भुगा घेतला आणि जिभेला लावला. खारट. आणि मागून गोड.

त्या वेळी मला आनंद झाला होता, हे सांगितलं पाहिजे. इतका आनंद, की मी तसाच पाठीवर पडून हसलो. खोट सापडली होती. ती माझ्या हातात नव्हती, आणि हे आता मीटरवर दाखवता येत होतं. सुटलो, असं वाटलं.

औषधाच्या पिंपाजवळ कारभारी हात धूत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "कारभारी, पूजेच्या वेळी तू विमानाला काय देतोस?"

तो लाजला. "पानी पाजतो, सायब. गुळाचं. मिठाचा खडा टाकून. बैलाला देतो तसंच."

"कुठं पाजतोस?"

त्यानं पंख्याखालची भोकं दाखवली, इंजिनाला हवा जायची. "ह्ये त्येचं तोंड न्हाई का? फुलपात्रभर देतो, जास्त न्हाई. आता दमल्यागत करतंय म्हून आठ-पंधरा दिस झालं दोन देतोय."

मी त्याला सगळं समजावलं. कुजलेला पट्टा हातावर ठेवला. मिठानं तांबं कसं खाल्लं जातं ते सांगितलं, मुंग्या दाखवल्या. मी रागावलो नाही. कारभारीवर रागावणं म्हणजे वासरावर रागावणं. तो पट्ट्याकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "पर सायब, म्हैनाभर ह्याच पान्यावर चाललं की त्ये."

"हळूहळू कुजत होतं ना."

"जनावर कामाला जुपायचं आन पानी बी दाखवायचं न्हाई? आमच्यात असं करत न्हाईत." त्याचे डोळे भरून आले होते. "तुमी देव मानत न्हाई, त्ये तुमचं तुमच्यापाशी. मी कधी बोललो का? पर त्येच्या तोंडचं पानी नगा काढू, सायब."

विमान कसं चालतं ते मी सांगत होतो आणि मी किती निर्दय आहे ते त्याला ऐकू येत होतं. त्याच्या जागी आबासाहेबांसारखा कुणी असता तर मी भांडलो असतो. कारभारीशी भांडता येत नव्हतं, आणि पटवताही येत नव्हतं.

म्हणून मी काकासाहेबांकडं गेलो. त्यांनी मीटर स्वतः वाचला होता. पट्टा बघून ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. मीठ, साखर, त्यात दोन धातू एकत्र. कुजणारच." मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. माणूस चष्मा पुसायला लागला की समजावं, पुढं काही चांगलं येणार नाही.

"पगारे, मला कळलं. पण हे मी सांगू कुणाला?"

"आबासाहेबांना सांगा. लोकांना सांगा. उद्या सगळे जमणारच आहेत."

"उद्या पोळा आहे. पाच गावचे बैल विमानाला प्रदक्षिणा घालायला येणार आहेत. त्यांच्यासमोर मी सांगू, की तुमच्या पूजेच्या पाण्यानं विमान बिघडलं? आणि हे शोधून कुणी काढलं म्हणून सांगू? पगाऱ्यांनी?"

"मीटरनं शोधलं म्हणून सांगा."

"मीटर कुणाच्या हातात होता, हे विचारतीलच ना." ते खरंच कष्टी झाले होते. "आणखी एक आहे. आबासाहेबांनी ठरवलंय. उद्या पूजेच्या वेळी तुम्ही जरा बांधाच्या पलीकडं थांबायचं. तुमचा अपमान म्हणून नव्हे. लोकांचं समाधान म्हणून. आणि बटणानं चालू झालं नाही, तर हातानं पंखा फिरवून चालू करायचं. डायस म्हणतो, जमेल."

"फिरवणार कोण?"

"कारभारी. तो स्वतःच म्हणाला."

हातानं पंखा मारणं मी पाहिलं आहे. एका तळावर आमच्यातल्या एकानं असाच हिकमतीनं पंखा ओढला, इंजिन अवचित पेटलं, आणि त्याचा हात कोपरापासून गेला. तो शिकलेला गडी होता, कवायतीतला. कारभारी तर धोतर नेसून, बैलाच्या शिंगाला धरावं तसं त्या पात्याला धरणार होता.

आता इकडं आड, तिकडं विहीर. पट्टा तसाच ठेवला, तर कारभारी पंख्यापुढं उभा राहणार. वाचला तर वाचला, आणि विमान बंद राहिलं तर खापर माझ्यावरच. पट्टा दुरुस्त केला, तर उद्या मला बांधापलीकडं घालवलं की विमान एका दमात चालू होणार, आणि पाच गावांच्या डोळ्यांदेखत सिद्ध होणार की पगाऱ्या लांब गेला आणि देव पावला. मी बराच वेळ शेडच्या भिंतीला टेकून बसलो. कुणीतरी माझ्या जागी ठरवावं असं वाटत होतं. तसं कोण येणार होतं?

दुपारी मी कामाला लागलो. कारभारी घरी गेला होता, बैलांची खांदेमळणी होती, पोळ्याआधी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे असतात ती. डायस राहुरीला गेला होता. मी कुजलेला पट्टा फेकून दिला. नवीन पट्टा लावला असता तर तोही कारभारीच्या पाण्यानं दोन महिन्यांत गेला असता. म्हणून बॅटरीच्या उणे टोकापासून जाड केबल काढली, दुसऱ्याच बाजूनं, वरून, थेट स्टार्टरच्या अंगाला नेऊन बोल्टनं आवळली. टोकं घासून लखलखीत केली, त्यावर ग्रीस चोपडलं. त्या तोंडातून खाली येणारं पाणी बाहेरच्या बाहेर जावं म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून आतून पन्हळ केली. आता कारभारीनं घागरभर ओतलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. हवाईदलातही मी इतकं चांगलं काम क्वचित केलं असेल. हात चालत होते आणि मन म्हणत होतं, गाढवा, स्वतःच्या पायावर धोंडा किती नीट बसवतोयस.

ऊन उतरताना काकासाहेब आले. मी त्यांना थांबवून ठेवलं, इंजिन पेटणार नाही असा स्विच बंद केला आणि नुसतं बटण दाबलं. पंखा गरगर फिरला. सोडेपर्यंत फिरत राहिला.

"वा," काकासाहेब म्हणाले.

"एवढंच करा," मी म्हणालो. मला कुणाची मनधरणी करायची सवय नाही, पण केली. "उद्या ते चालू झालं, की एक वाक्य बोला. पगाऱ्यांनी काल दुरुस्त केलं. गुळाचं काढू नका, पाण्याचं काढू नका. एवढंच."

"बोलतो. वेळ बघून बोलतो."

पोळ्याच्या सकाळी मी बांधाच्या पलीकडं उभा होतो. मध्ये पन्नास पावलांचं रान. बैल आले. अंगावर झुली, शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंगं, आणि पुढं हलगी. विमानाच्या पंखांनाही कुणी गोंडे बांधले होते. कारभारीनं इंजिनाला हळद-लोणी चोळलं, पुरणपोळीचा घास पंख्याखाली ठेवला, आणि दोन फुलपात्रं पाणी त्या भोकांत ओतलं. आबासाहेबांनी नारळ फोडला. डायस चढून बसला.

पहिल्याच झटक्याला इंजिन पेटलं. खट् नाही, अडणं नाही. बैल बुजले, माणसं ओरडली, हलगीवाल्यानं नुसता कहर केला. कितीतरी दिवसांत असं चालू झालं नव्हतं. माझं काम उत्तम झालं होतं.

मी काकासाहेबांकडं बघत होतो. त्यांना बोलायला पुढं केलं. ते म्हणाले की ही शेतकऱ्यांच्या श्रद्धेची आणि आबासाहेबांच्या पुढाकाराची पुण्याई आहे. बोलताना त्यांची नजर एकदा बांधाकडं आली. चष्म्यावर ऊन होतं, त्यामुळं डोळे दिसले नाहीत. मग ते मागं सरले, आणि बोलायची ती वेळ काही त्यांना दिसली नाही.

मला राहवलं नाही. मी बांध ओलांडून पळत गेलो आणि त्या गर्दीच्या तोंडावर ओरडलो, "मी केलंय ते! काल मी दुरुस्त केलंय! विचारा काकासाहेबांना!"

काकासाहेब बैलाच्या झुलीची कड नीट करत होते. एक म्हातारा माझ्या खांद्याला लागू न देता हात हलवून म्हणाला, "व्हय बाबा, केलंस की. लांब ऱ्हायलास, ह्येच लई केलंस." लोक हसले. कुचेष्टेनं नव्हे, सणाचं हसावं तसे.

कारभारी गर्दीतून धावत माझ्याकडं आला. हातात पुरणपोळी. गालांवरून पाणी वाहत होतं. "सायब, झालं! बगितलं का, कसं उठलं!" आणि मग माझ्या जवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा मायेनं म्हणाला, "तुमी आता थोडं दिस फकस्त हात लावू नगा. मग कुनी काय बोलनार न्हाई तुमाला. मी हाय की."

मी पुरणपोळी घेतली. कारभारीचे दोन्ही हात धड होते, एवढं मी बघितलं.

तोवर आबासाहेब आले. लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, पण नेहमीच्याच मऊपणानं बोलले. "पगारे, आमचा तुमच्यावर राग न्हाई बरं का. हितंच ऱ्हावा, शेडमंदी. पुन्याहून दुसरा मानूस येऊन बघून जाईल, कंपनीशी बोलनं झालंय. रोजचं कारभारी करंल. आन बिघडलंच कदी, तर बोलावू की तुमाला."

माझा बाप याच रानात राहिला, याच घरांच्या बोलावण्यावर जगला. बैल जिवंत असेपर्यंत त्याला गोठ्याच्या दारात कुणी उभं केलं नाही. पोळ्याला त्यानं बैल बघितले ते लांबून. बैल मेला म्हणजे मात्र निरोप यायचा, दिवस असो की रात्र, की या आणि ओढून न्या. छप्पन साली त्यानं ते बोलावणं घ्यायचं बंद केलं, आणि त्यापायी वर्षभर उपास काढले, मी शिकावं म्हणून.

आबासाहेब उत्तराची वाट बघत उभे होते. मागं विमान चालूच होतं, एकसारखं, एक ठोका न चुकता. मी कान देऊन ऐकलं. ते आता बिघडणार नव्हतं.